जिवंत घरी गेलेल्यांचा कारकून

काका, मागच्या आठवड्यात गुरुवारी दुपारी तुम्हाला स्ट्रेचरवरून कॅज्युअल्टीत आणलं, तेव्हा तुमच्या खिडकीवर बदलीच्या बाई बसल्या होत्या. तुम्ही चार दिवसांच्या रजेवर होता ना. बाईंनी तुमच्या शेजाऱ्याला नाव विचारलं, वय विचारलं, पत्ता विचारला, नालवाडी लिहून घेतलं. कारणाची यादी दोनदा खाली-वर केली, कंटाळल्या आणि ‘इतर’ निवडलं. बावीस वर्षं तुम्ही त्या खिडकीतून येणाऱ्या प्रत्येकाला पहिला प्रश्न ‘काय झालं?’ असा, तुमच्या वऱ्हाडीत ‘का झालं?’ असा विचारलात. तुमच्या वेळी तो कोणी विचारला नाही. तुम्ही शुद्धीवर असता तर तोंडातला तंबाखूचा खर्रा एका गालातून दुसऱ्या गालात सारून म्हणाला असता, ‘बाई, इतर हा कोनता रोग होय?’ मला ते तुमच्या आवाजात ऐकू आलं आणि हसू फुटलं. मग मागच्या स्टोअरमध्ये जाऊन रडले.

सोमवारी तुमची शोकसभा झाली. ओपीडीच्या हॉलमध्ये पेशंटांना बाकांवरून उठवून आम्हाला बसवलं. सर्व्हिस बुकातला तुमचा फोटो मोठा करून आणला होता, त्यात तुम्ही कोणाचा तरी खून करून आल्यासारखे दिसता. दवाखान्याच्या साहेबांनी सगळ्यांना दोन मिनिटं उभं राहायला सांगितलं आणि मिनिटभरात त्यांचाच मोबाइल वाजला म्हणून खाली बसवलं. नंतर भाषण. मेश्राम म्हणजे शिस्त. मेश्राम म्हणजे स्वच्छ नोंदी. मेश्राम यांच्या खिडकीवर आजवर नशेच्या किंवा झोपेच्या गोळ्यांची एकही केस नोंदली गेली नाही, ही त्यांच्या सेवेची पावती आहे. मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात, पण हे तर दुसऱ्याच म्हशीचं दूध तुमच्या नावावर खपवत होते. ह्याच माणसानं गेल्या वर्षी मीटिंगमध्ये तुम्हाला ‘डोक्यावर पडलेला म्हातारा’ म्हटलं होतं, आणि तेव्हा हसणारे सगळे आता पहिल्या रांगेत मान खाली घालून बसले होते.

शेवटी साहेब म्हणाले, शुक्रवारी जिल्ह्याला जायचा वार्षिक अहवाल आपण मेश्राम यांना समर्पित करू. कोणता अहवाल ते तुम्हाला सांगायला नको. औषध, गोळी, सिरप, काहीही जास्त झाल्यामुळे जे आपल्या कॅज्युअल्टीत आले आणि जिवंत घरी गेले, ते किती? आपलं दरवर्षीचं उत्तर शून्य. तेच शून्य ह्या वर्षी तुमच्या नावानं जाणार होतं आणि त्यावर सही माझी. काका, त्या शून्यात माझी सख्खी बहीण आहे, हे त्या हॉलमध्ये फक्त मला माहीत होतं. तुम्हालाही होतं, पण तुम्ही भिंतीवरच्या फोटोत होता.

तुमच्यावर मी नुसतं गोडगोड लिहिणार नाही. तुम्हाला तसलं सहन झालं नसतं आणि मला तसलं जमत नाही. तुम्ही हेकट होता. दिवसाला चार पुड्या खर्रा खाऊन पोरांना नशेवर व्याख्यान द्यायचे, ती मुलं तुमच्या लाल दातांकडे बघत ऐकून घ्यायची. गर्दी कितीही असो, तुमचा पेन हळूहळूच चालायचा. एखादी आई खिडकीवर येऊन बोलायला लागली की तुम्ही तिचं बोलणं जसंच्या तसं कागदावर उतरवायचे. ‘सकाळपासून उठूनच नाई राह्यला. हलवलं का डोळे वर करते. खिशात रिकामं पाकीट भेटलं.’ असं, सगळं, वऱ्हाडीत, सरकारी केसपेपरवर. आणि तो कागद मागे माझ्या टेबलावर यायचा, कारण मी कॉम्प्युटरवाली.

मी कॉम्प्युटरवाली म्हणजे काय होते ते आता सांगते, लाज सोडून. माझ्याकडे चाळीस कारणांची यादी होती. ताप, जुलाब, पोटदुखी, अपघात, चक्कर. तुमच्या त्या चार ओळी वाचायच्या आणि यादीतल्या एका कारणावर बोट ठेवायचं. ‘उठूनच नाई राह्यला’ म्हणजे चक्कर. ‘लाळ गळून राह्यली’ म्हणजे उलटी. यादीत शेवटून तिसरं ‘औषध अतिसेवन’ होतं, पण ते निवडलं की पोलिसांचा कागद निघायचा, नातेवाईक हातापाया पडायचे, डॉक्टर वैतागायचे. म्हणून ते कोणी निवडत नसे. मीही नाही. शिवाय मला माझ्या शुद्ध मराठीचा भारी गर्व. कॉलेजात निबंधाला बक्षीस मिळालं होतं ना, तेव्हापासून मी नाकानं कांदे सोलत होते. तुमचं वऱ्हाडी पुसून मी सरकारचं काम सुधारते आहे असं मला खरंच वाटायचं.

एकदा मी तुम्हाला म्हटलंही. ‘काका, सरकारी कागदावर असं लिहीत नाहीत. चक्कर लिहा ना सरळ.’

तुम्ही चष्म्यावरून पाहिलं. ‘त्याच्या मायनं चक्कर म्हटलं का?’

‘नाही, पण अर्थ तोच.’

‘अर्थ डॉक्टर लावते. तुह्यं-माह्यं काम ते नोय. मायनं जे सांगतलं ते मी लिहिलं. मी काऊन सुधरवू?’

मी तोंड वाकडं केलं आणि ‘चक्कर’वर बोट ठेवलं.

आपला जिल्हा तर दारूबंदीचा. इथं कोणी पीत नाही. ज्याच्या तोंडाला वास येतो तो आपल्या नोंदीत अशक्तपणानं आलेला असतो. जिथं दारूच नाही तिथं गोळ्या कुठून असणार? झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि ती झाकायला सगळे तयार. घरचे अब्रूसाठी, डॉक्टर पोलिसांच्या कटकटीसाठी, साहेब वरच्या साहेबांसाठी. मी कशासाठी झाकत होते? मला तर कोणी सांगितलंही नव्हतं. फुकटात, नीटनेटकेपणाच्या हौसेखातर मी ती मूठ दाबून धरली होती, हे मला आजही सगळ्यात जास्त खुपतं.

अहवालाचा हुकूम पहिल्यांदा आला तेव्हा मी कॉम्प्युटरला विचारलं, त्यानं शून्य सांगितलं, मी ते लिहिलं. तुम्ही शेजारी उभे होता. ‘शून्य?’ म्हणाला. ‘मंग मी रोज का स्वप्नं लिहून राह्यलो?’ दुसऱ्या दिवसापासून जेवणाच्या सुट्टीत तुम्ही जुने कागद काढून बसलात. डबा एका बाजूला, गठ्ठा दुसऱ्या बाजूला. तुम्ही एक यादी केलीत, खिडकीवर माणसं खरोखर जे बोलतात त्याची. गुंगीत हाय. कालपासून झोपूनच हाय. सिरप पेला. डोळे वर करते. ढाब्यावरून उचलून आनला. कमरेच्या गोळ्या एकदमच खाल्ल्या. तुमचं म्हणणं साधं होतं. कॉम्प्युटरनं ‘अतिसेवन’ शोधू नये, हे शोधावं. ‘ह्या जिल्ह्यात कोनती माय अतिसेवन म्हनते?’ तुम्ही मला विचारलंत. मी म्हटलं, काका, तुम्हाला सुट्टीत झोपायला काय झालं?

त्यावर तुम्ही जे बोललात ते मी तेव्हा एका कानानं ऐकलं. ‘मेलेल्याले सारेच मोजते. पोलीस मोजते, पेपरवाला मोजते. जो जित्ता घरी गेला त्याले कोन मोजते? अन् तोच पुन्हा येते, वर्षा. मी त्याचं नाव ओयखतो. पुन्हा येते, तवा त्याची तब्येत पयल्यापेक्षा वाईट राह्यते.’

यादी घेऊन तुम्ही गेल्या वर्षीच्या त्या मीटिंगला गेलात. इस्त्रीचा शर्ट घातला होता, तोही मला आठवतो. हायवेवरच्या जाम गावच्या चौकाकडून एकाच आठवड्यात सारख्याच बोलण्याचे कागद यायला लागले आहेत, तिकडे काहीतरी वाईट माल आला असेल, असं तुम्ही सांगायला गेला होता. साहेबांनी यादी हातात घेतली आणि मोठ्यानं वाचली. ‘डोळे वर करते. ढाब्यावरून उचलून आनला.’ नाटकातल्या नोकराच्या आवाजात वाचली. मग म्हणाले, ‘मेश्राम, हे रजिस्टर आहे की लावणी? आणि तुम्ही कारकून आहात की पोलीस?’ सगळे हसले. काका, मीही हसले. मोठ्यानं नाही, पण तुम्हाला दिसेल इतपत. तुम्ही यादीची घडी करून खिशात घातलीत. महिनाभरानं त्याच चौकातला एक ड्रायव्हर ट्रकच्या केबिनमध्ये मेला. मग काय विचारता. पोलीस आले, साहेब आले, जनजागृतीचा बॅनर लागला, बॅनरवर साहेबांचा फोटो. मेलेल्याची काय ती सरबराई. त्याचं नाव तुमच्या गठ्ठ्यात आधीच एकदा होतं, हे तुम्ही मला दाखवलंत. तेव्हा तो जिवंत घरी गेला होता आणि मी त्याला ‘उलटी’ केलं होतं. मी म्हटलं, मला काय माहीत. तुम्ही कागद पुन्हा गठ्ठ्यात ठेवलात.

आणि मग प्रीती. माझी धाकटी. पाठ दुखते, झोप येत नाही म्हणून तिनं औषधाच्या दुकानातून गोळ्या आणायला सुरुवात केली आणि दुकानदारानं चिठ्ठी न मागता दिल्या. एकाच्या दोन झाल्या, दोनाच्या किती झाल्या ते आम्हाला कळलं नाही. एका दुपारी ती जेवायच्या ताटावरच कलंडली. ऑटोत घालून मी तिला आणलं ते तुमच्याच खिडकीवर.

‘का झालं?’ तुम्ही विचारलंत. माझ्याकडे बघून नाही, कागदाकडे बघून. तुमची ती सवयच.

‘चक्कर आली काका. सकाळपासून जेवली नव्हती.’

तेव्हा तुम्ही मान वर केलीत. ‘वर्षा, मले खरं सांग.’

मी खिडकीत डोकं घालून हळूच म्हटलं, ‘काका, तिचं लग्न जमतंय. अल्लीपूरची चांगली माणसं आहेत. तुमच्या पाया पडते, लिहू नका.’

तुम्ही खुर्चीवरून उठून बाहेर आलात. कामाच्या वेळी तुम्ही खुर्ची सोडल्याचं मी कधी पाहिलं नव्हतं. स्ट्रेचरवर वाकलात, तिच्या गालावर थापटलंत आणि तिला विचारलंत, ‘पोरी, का झालं?’ ती अर्धवट म्हणाली, ‘झोप येऊन नोती राह्यली. गोळ्या जास्त झाल्या.’ माझ्या पर्समधून तुम्ही पाकीट मागून घेतलंत, त्यावरचं नाव अक्षर अक्षर उतरवलंत आणि कागद थेट डॉक्टरांच्या हातात दिलात. डॉक्टरांना जे करायचं ते त्यांनी लगेच केलं. संध्याकाळी ती पाणी मागत उठून बसली. आणि मी काय केलं? आत गेले, माझ्या खुर्चीवर बसले, बहिणीचं नाव उघडलं आणि कारणाच्या जागी ‘चक्कर’ निवडलं. तुमचा कागद गठ्ठ्यात गेला आणि माझी चक्कर कॉम्प्युटरात राहिली.

त्यानंतर आठ महिने मी तुमच्याशी बोलले नाही. एका खोलीत, चार हातांच्या अंतरावर. कागद टेबलावर ठेवायचा असेल तर तुम्ही ठेवायचे, मी घ्यायचे. सगळ्यांना सांगितलं, मेश्रामला काळीज नाही, पोरीच्या आयुष्यावर कागद लिहिला. लोकांनीही मान डोलावली. प्रीतीचं लग्न झालं, तुम्हाला पत्रिका दिली नाही. तुम्ही मात्र साडी पाठवलीत, काकूंच्या हातून, आणि मी ती कपाटात तशीच टाकून दिली.

दुसऱ्या वेळेला गोळ्या जास्त झाल्या, तेव्हा तिला सासरच्यांनी तिकडच्या दवाखान्यात नेलं. आपला आणि त्यांचा कॉम्प्युटर एकच, पेशंटचा नंबर टाकला की जुनी नोंद दिसते. तिथल्या डॉक्टरांनी नंबर टाकला. दिसलं काय? चक्कर. नवरा म्हणाला, हो, माहेरीही हिला चक्कर यायची. लावली सलाइन. पडून राहिली ती, अशक्तपणाची पेशंट म्हणून, दोन तास. जावयाचा फोन आला तेव्हा मी कॉम्प्युटरसमोरच बसले होते. ‘ताई, उठून नाई राह्यली ती,’ तो म्हणाला. तेच शब्द, काका. हजार वेळा वाचून पुसून टाकलेले शब्द, आणि ह्या वेळी मला ते कळले.

मी फोन तुमच्यापुढे धरला, एवढंच. आठ महिन्यांनी. तुम्ही जावयाचं बोलणं ऐकलंत, त्याला डॉक्टरांकडे फोन द्यायला सांगितलंत, उठून गठ्ठा काढलात आणि दोन मिनिटांत प्रीतीचा कागद शोधून वाचून दाखवलात. ‘डॉक्टरसाहेब, मी कारकून होय. माह्यं ऐकू नका, पन पोरीनं त्या दिवशी जे सांगतलं ते वाचतो, तेवढं ऐकून घ्या.’ पाकिटावरचं नाव तुम्ही अक्षर अक्षर सांगितलंत. मग फोन मला परत दिलात आणि खिडकीवरच्या माणसाला विचारलंत, ‘हं, का झालं?’

ती वाचली. तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत, बघ, मी सांगत होतो. दुसऱ्या दिवशी नाही, नंतरही कधी नाही. म्हणाला असता तर मी भांडले असते, चार वाक्यं ऐकवून मोकळी झाले असते. तुम्ही ती सोयही ठेवली नाहीत. मी त्या वेळी तुमचे आभार मानले नाहीत, माफीही मागितली नाही. चहा ठेवला तुमच्या टेबलावर. त्यात साखर कमी आहे असं म्हणून तुम्ही तो प्यायलात.

एवढंच सांगितलंत, ‘आता तुह्या कॉम्प्युटरातबी ते दुरुस्त करजो.’

मी म्हटलं, करते. आणि केलं नाही. का? कारण दुरुस्ती केली की खालच्या ओळीत आधीचं चुकीचं कोणी लिहिलं तेही दिसतं. कारण माझी नोकरी कंत्राटाची. कारण अल्लीपूरला कळलं तर. तुम्ही दर पंधरा दिवसांनी विचारायचे, ‘झालं का?’ मी शेवटी सांगितलं, साहेबांची परवानगी लागते, अर्ज दिलाय. खोटं होतं ते. परवानगी लागत नाही, एक बटण दाबावं लागतं. रजेवर जायच्या आदल्या दिवशी, डबा पिशवीत घालताना तुम्ही पुन्हा विचारलंत, ‘अर्जाचं का झालं?’ मी म्हटलं, येईल उत्तर. आपलं शेवटचं बोलणं हे. तुमच्यासारख्या माणसाशी माझं शेवटचं वाक्य खोटं असावं, ह्याची मला किळस येते.

शोकसभेतून उठताना माझ्या डोक्यात एकच होतं. तिसरी वेळ आली तर? त्या गोळ्या अशा एका दिवसात सुटत नाहीत, हे आता मला माहीत आहे. प्रीतीला पुन्हा कुठे नेलं, कोणी नंबर टाकला, तर अजूनही चक्करच दिसणार. आणि ह्या वेळी फोन कोणापुढे धरू? तुमचं कपाट रिकामं करायचा हुकूमही सुटलाय, तिथं नवा प्रिंटर ठेवायचा आहे. गठ्ठे रद्दीत.

मंगळवारी तुमच्या घरी पुण्यानुमोदन होतं. प्रीती अल्लीपूरहून आली, तुमची ती साडी नेसून. माझ्या कपाटातून तिनं ती कधी नेली मला माहीत नाही. बुद्धवंदना झाली, जेवणं झाली. साहेब गाडीतून उतरून, काकूंच्या हातात फुलं देऊन, फोटो काढून पाच मिनिटांत गेले. मी प्रीतीला मागच्या अंगणात नेलं आणि सगळं सांगितलं. ती चक्कर मी लिहिली, हेही. मला वाटलं ती रडेल, किंवा म्हणेल, ताई, राहू दे ना.

ती भांडी विसळत ऐकत होती. म्हणाली, ‘मले वाटलं डॉक्टरची चूक होती ते. दोन घंटे पडून होती मी तिथं. मले सारं ऐकू येत होतं, बोलता येत नोतं.’ मग हात पुसून माझ्याकडे पाहिलं. ‘मी मेली असती तर पेपरात आलं असतं ना खरं कारण? मंग जित्ती हाय तर काऊन लपवून राह्यली? तुले लाज माह्यी वाटते का तुही?’

मी म्हटलं, तुझ्या घरच्यांना कळेल.

‘त्यायले मी सांगतलं कवाचंच. त्यायनंच तं डॉक्टर शोधला, दर महिन्याले नेते. तूच एकटी राह्यली झाकाझाकी करत.’

ताकाला जाऊन भांडं लपवत होते मी, आणि ताकवाल्याला सगळं ठाऊक.

बुधवार आणि गुरुवार, दोन दुपारी मी तुमच्या कपाटापुढे बसून काढल्या. तुमची यादी गठ्ठ्याला सुतळीनं बांधलेली होती. एकेक कागद वाचला, एकेक नोंद उघडली, माझी चक्कर काढली, माझी उलटी काढली, ‘औषध अतिसेवन’ निवडलं. कारणाच्या खाली तपशिलाचा एक मोकळा चौकोन असतो, तो आजवर कोणी भरला नव्हता. त्यात ती माणसं खिडकीवर जे बोलली ते जसंच्या तसं लिहिलं, तुमच्या वऱ्हाडीत. दर वेळी कॉम्प्युटर विचारत होता, आधीची नोंद कोणाची आणि बदलाचं कारण काय. पहिल्या जागी माझं नाव. दुसऱ्या जागी, ‘मी चुकीचं लिहिलं होतं.’ इतक्या वेळा लिहिलं की बोटांना पाठ झालं. आकडा इथं सांगत नाही, तुम्ही तो दोनदा मोजला होता आणि तो तुमच्याशी जुळला.

शुक्रवारी साहेबांपुढे अहवाल ठेवला. त्यांनी आधी चष्मा काढला, मग घातला. ‘हे काय आहे? शून्य जायचं ठरलं होतं ना?’

‘साहेब, मी शून्यावर सही नाई करून राह्यली.’ असंच निघालं तोंडातून. निबंधात बक्षीस मिळवलेल्या तोंडातून.

‘मेश्राम शिरला का तुमच्या अंगात?’ ते म्हणाले. कंत्राट मार्चमध्ये संपतं ह्याची आठवण करून दिली. मी म्हटलं, माहीत आहे. त्यांनी सही केली नाही, पण माझी सही होती आणि आकडा कॉम्प्युटरातून आधीच वर गेला होता, त्याला आता ते काय करणार. समर्पणाची ओळ मात्र त्यांनी स्वतःच्या पेनानं खोडली. शून्य होतं तोवर तुम्ही त्यांचे होता. मला बरं वाटलं. त्या कागदावर तुमचं नाव त्यांच्या हातून राहिलं असतं तर मीच खोडलं असतं.

मार्चमध्ये काय होईल ते होईल. ह्या लोकांची भीती वाटायची ती कशाची, तेच आता आठवत नाही.

काका, सगळ्यात शेवटी राहिलेली नोंद प्रीतीची होती. गुरुवारी पाच वाजता ती उघडली. गोळ्या कोणत्या, किती दिवस, पाकिटावरचं नाव, दोन्ही वेळा, सगळं लिहिलं. तिनं तुम्हाला सांगितलेलं वाक्यही. लिहून झाल्यावर तिकडच्या दवाखान्यात फोन केला, त्यांना तिचा नंबर टाकायला लावला आणि काय दिसतंय ते वाचून दाखवा म्हटलं. तिथल्या बाईंनी वाचलं, सगळं, बरोबर. मी फोन ठेवला. तुमची माफी मागायचं वाक्य मी किती दिवस मनात जुळवत होते, ते आता कोणाला सांगू? एवढंच सांगायचं होतं की आता तिला कुठेही नेलं, तरी तुम्हाला फोन करावा लागणार नाही.